‘८६ टक्के गाडी, १४ टक्के चालक’: हा आकडा नांदूरघाटच्या हॉटेलात नेऊन वाचला तर

डिसेंबर २०२१ मधला एक आठवडा मला तारखांसकट आठवतो. १२ तारखेला, रविवारी संध्याकाळी, अबू धाबीत फॉर्म्युला वनच्या मोसमातली शेवटची शर्यत होती. हॅमिल्टन आणि व्हर्स्टापन दोघांचेही ३६९.५ गुण, म्हणजे जो पुढे येईल तो जगज्जेता. मी गावाकडे होतो. माळवदावर रेंज जरा बरी येते, म्हणून तिथं बसून मोबाइलवर बघत होतो. शेवटी शेवटी एक गाडी आदळली, सेफ्टी कार आली, आणि दोघांच्या मध्ये असलेल्या पाचच मागे पडलेल्या गाड्यांना पुढे जाऊ दिलं गेलं, बाकीच्यांना नाही. एकाच फेरीची शर्यत उरली. व्हर्स्टापनचे टायर नवे, हॅमिल्टनचे जुने. निकाल तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर माझ्या व्हॉट्सॅपवर जे भांडण पेटलं ते अजून विझलेलं नाही: नियम मोडला की वाकवला, आणि व्हर्स्टापन जिंकला की टायर जिंकले?

चार दिवसांनी, १६ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना अटींवर परवानगी दिली. २०१४ च्या निकालानं त्या बंद झाल्या होत्या. २०१७ मध्ये राज्यानं कायदा केला, पण उच्च न्यायालयात तो अडकला. त्या गुरुवारी स्टँडजवळच्या हॉटेलात चहाला बसलो तर तिथंही भांडण. एक मामा म्हणत होते, “आता खरा धुरकरी कोन ते कळंल. काठी न्हाई, चाबूक न्हाई.” समोरचे तात्या म्हणाले, “धुरकऱ्याचं काय असतंय रं त्यात? बैलं पळत्यात. तू नुसता बसायलास.”

मला हसू आलं. रविवारी इंग्रजीत वाचलेला वादच आता मराठीत ऐकत होतो.

आता तुम्ही म्हणाल, पेटची तयारी करणाऱ्यांना हे कशाला सांगतोय. कारण या वादावर एक गाजलेला शोधनिबंध आहे, आणि पेपर कसा वाचायचा हे शिकायला मला त्याच्याइतका चांगला दुसरा सापडलेला नाही. तो उत्तम आहे, आणि त्यातला एक आकडा जवळजवळ सगळे चुकीचा वाचतात. मीही वाचला होता. त्यापायी माझा पहिला सिनॉप्सिस परत आला. ते पुढे येईल.

पेपर अँड्र्यू बेल, जेम्स स्मिथ, क्लाइव्ह सेबल आणि केल्विन जोन्स यांचा, २०१६ चा. १९५० ते २०१४ पर्यंतच्या फॉर्म्युला वनचे निकाल घेऊन त्यांनी दोन प्रश्न विचारले. गाडी बाजूला ठेवली तर आजवरचा सर्वात चांगला चालक कोण? आणि निकालात गाडीचा म्हणजे संघाचा वाटा किती, चालकाचा किती? पहिल्याचं उत्तर अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फांगिओ असं आलं. दुसऱ्याचं असं की फरकातला साधारण ८६ टक्के वाटा संघाचा, १४ टक्के चालकाचा. वर्तमानपत्रांनी दोन्ही उचललं. मथळ्यांचा सूर एकच: गाडीच सगळं, चालक नावाला. तात्या खूश झाले असते.

पण दोन गोष्टी नेहमी एकत्रच दिसत असतील तर त्या वेगळ्या करता येतात का? हे आधी समजून घ्या, सोपं आहे. समजा एका पटात दोन जोड्या आहेत. पहिली जोडी कायम आप्पा हाकतात, ६.१ सेकंद. दुसरी कायम भाऊ हाकतात, ६.४ सेकंद. (आकडे समजण्यापुरते, माझ्या मनाचे.) आप्पा चांगले की त्यांची बैलं चांगली? शंभर पट बघा, सांगता येणार नाही. आता एक दिवस अदलाबदल करा. पहिली जोडी भाऊंच्या हाती दिली तर ६.२, दुसरी आप्पांच्या हाती दिली तर ६.३. आता बोलता येतं: धुरकऱ्यामुळे फरक एक दशांशाचा, जोडीमुळे दोन दशांशांचा. तुमची पद्धत कितीही भारी असो, मल्टीलेव्हल म्हणा की बेझियन म्हणा, ती शेवटी या अदलाबदलीवरच जगते. डेटात अदलाबदल नसेल तर सॉफ्टवेअर आकडा देईल, पण तो आकडा तुमच्या गृहीतकाचा असेल.

फॉर्म्युला वनमध्ये अशी अदलाबदल आपोआप होते. एका संघात दोन चालक असतात, म्हणजे गाडी एक, हात दोन. आणि चालक संघ बदलतात. अमुक तमुकचा जोडीदार होता, तमुक पुढे आणखी कोणाचा झाला, असं साखळीनं जोडत गेलं की १९५० चा चालक २०१४ च्या चालकाशी जोडला जातो. फांगिओनं पाच जगज्जेतेपदं चार वेगवेगळ्या संघांकडून मिळवली: अल्फा रोमियो, मासेराती, मर्सिडीज आणि फेरारी. गाडी बदलली तरी माणूस पुढेच, म्हणून मॉडेल त्याला वर ठेवतं. हा तर्क मला पटतो.

न पटणारी गोष्ट त्याच फांगिओच्या काळात दडलेली आहे. १९५६ मध्ये इटलीत, मोंझाच्या शर्यतीत फांगिओची गाडी नादुरुस्त झाली. त्याचा सहकारी पीटर कॉलिन्स स्वतः विजेतेपदाच्या शर्यतीत होता, तरी त्यानं थांबून आपली चालती गाडी फांगिओला दिली. फांगिओ दुसरा आला आणि जगज्जेता झाला. तेव्हाच्या नियमांत हे चालत होतं, गुण दोघांत वाटले जायचे. आता मॉडेलचं मुख्य गृहीतक आठवा: एका संघात, एका वर्षी, दोघांना सारखी गाडी. ज्या काळात पहिल्या नंबरचा चालक दुसऱ्याची गाडीच मागून घेऊ शकतो, तिथं हे गृहीतक कसं टिकणार? मॉडेल ज्याला ‘चालकाचा गुण’ म्हणतं त्यात ‘संघात वजन असणं’ किती मिसळलंय, हे त्या आकड्यातून बाहेर काढता येत नाही.

यादीचं दुसरं टोक बघा. तीनदा जगज्जेता झालेला निकी लाउडा पहिल्या शंभरातही नाही. आणि ज्याचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं तो ख्रिश्चन फिट्टिपाल्डी पहिल्या विसात आहे. हा १९९२ ते १९९४ अशी तीनच वर्षं होता, मिनार्डी आणि फुटवर्क या दुबळ्या संघांत, आणि चौथ्याच्या वर कधी आला नाही. चाहते हे वाचून पेपर फेकून देतात. तुम्ही फेकू नका. विचित्र ओळ हीच पेपरची खिडकी असते, तिथून आत बघायचं.

लाउडाचं असं का होतं? शेवटच्या वर्षांत त्याचा जोडीदार होता अलां प्रोस्ट. १९८४ मध्ये लाउडानं त्याला अर्ध्या गुणानं हरवलं, ७२ विरुद्ध ७१.५. हा अर्धा गुण पावसाचा. मोनॅकोची शर्यत पावसामुळे अर्ध्यावर थांबवली आणि जिंकणाऱ्या प्रोस्टला नवाच्या जागी साडेचार गुण मिळाले. शर्यत पूर्ण होऊन तो दुसरा आला असता तरी सहा मिळाले असते आणि विजेतेपद त्याचं होतं! पुढच्या वर्षी लाउडाची गाडी शर्यतीमागून शर्यत बंद पडत गेली, हंगामाचे गुण फक्त १४. गाडी बंद पडली की गुण शून्य. इंजिन गेलं की हात चुकला, हे शून्यात दिसत नाही. त्याच संघात प्रोस्ट त्या वर्षी जगज्जेता झाला, म्हणजे मॉडेलच्या नजरेत गाडी उत्तम. मग १४ गुणांचा दोष कोणाच्या खात्यावर? लाउडाच्या. फिट्टिपाल्डीचं नेमकं उलट: संघाचे गुण इतके कमी की थोडे जास्त मिळवले तरी सगळं श्रेय त्याच्याकडे.

मुद्दा लक्षात घ्या. मॉडेल खोटं बोलत नाही. त्याला गुण दिले, त्यानं गुणांबद्दल सांगितलं. ‘कौशल्य’ हा शब्द आपण त्यावर चिकटवला. १९८८ मध्ये प्रोस्टचे एकूण गुण १०५ होते आणि सेनाचे ९४, पण जगज्जेता सेना, कारण तेव्हा सर्वोत्तम अकराच निकाल मोजायचे. तसे मोजले की ९० विरुद्ध ८७. माणसं तीच, शर्यती त्याच, मोजायचा नियम बदलला की ‘चांगला कोण’ बदलतं. बेल आणि सहकाऱ्यांना हे माहीत होतं. त्यांनी गुण वेगवेगळ्या पद्धतींनी मांडून तपासलं आणि मोठं चित्र बदलत नाही हे दाखवलं. हा प्रामाणिकपणा तुमच्या प्रबंधात असू द्या.

आता त्या ८६ टक्क्यांकडे येतो.

समजा पीएच.डी.च्या एका जागेसाठी परीक्षेतल्या पहिल्या दहा जणांना मुलाखतीला बोलावलं. दहाही जणांचे गुण ७८ ते ८१ च्या मध्ये. निवड कोणाची झाली हे त्या गुणांवरून सांगता येईल का? नाही, कारण गुणांत फरकच उरलेला नाही. म्हणून ‘निवडीत गुणांचा वाटा शून्य’ असं कोणी म्हटलं तर त्या दहांपुरतं खरं, पण दाराबाहेर राहिलेल्या पाचशे जणांना विचारून बघा.

फॉर्म्युला वनची मुलाखत अशीच आहे. त्या वीस-बावीस जागांवर पोचणारा माणूस लहानपणापासून कार्टिंगच्या चाळणीतून गाळला गेलेला असतो. चालकांमधला फरक आधीच पिळून काढलेला. गाड्यांमधला फरक मात्र मोकळा, कारण प्रत्येक संघानं आपली गाडी स्वतः बांधायची हा इथला नियमच आहे. मग वाटा गाडीचा जास्त येणार नाही तर काय? ‘८६ टक्के यश गाडीमुळे’ असं ते वाक्य नाही. ‘या नियमांखाली, या निवडलेल्या लोकांमध्ये, निकालांत जो फरक दिसतो त्यातला ८६ टक्के संघांच्या फरकाशी जुळतो’ असं आहे. लांब आहे, मथळा होत नाही, पण बरोबर आहे. मला त्या गाडीत बसवलं तर पहिल्याच वळणावर चालकाचा वाटा शंभर टक्के होईल.

पेपरमध्येच याचा पुरावा आहे, पण तो मथळ्यात आला नाही. पाऊस असेल किंवा शहरातल्या रस्त्यांवरची शर्यत असेल तर संघाचा वाटा कमी होऊ शकतो. आणि वर्षं सरली तसा तो वाढत गेला. म्हणजे तो आकडा गाडीचाही नाही, माणसाचाही नाही, तो त्या परिस्थितीचा आहे. व्हान केस्टरेन आणि बर्गकॅम्प यांनी २०१४ ते २०२१ या हायब्रिड इंजिनांच्या काळावर वेगळ्या पद्धतीनं काम केलं, तिथं गाडीचा वाटा ८८ टक्क्यांच्या आसपास आला. दोन अभ्यास जुळले म्हणून लोक म्हणतात सिद्ध झालं. मी म्हणेन, दोन्हीकडे गाळणी तीच आहे.

इथं आपल्याकडचे पट मला फार उपयोगी वाटतात, कारण एकाच राज्यात वेगवेगळे नियम एकाच वेळी चालू आहेत. असा प्रयोग कोणी मुद्दाम मांडायला गेलं तर निधी मिळणार नाही. पुणे जिल्ह्यात, जुन्नर-आंबेगाव-खेडकडे, घाटात बारी पळते तेव्हा गाड्यावर कोणी बसलेलं नसतं. पुढे घोडी, मागे बैलं, आणि घड्याळ. चालकाचा वाटा तिथं नियमानंच शून्य, निदान सुटल्यानंतर तरी. मराठवाड्यात-विदर्भात शंकरपटाला जोडीमागे धुरकरी असतो, वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. अमरावतीकडच्या तळेगाव दशासरचा पट तर नावाजलेला. आणि सातारा-सांगलीकडे गाडी हाकणाऱ्याला सरळ ‘ड्रायव्हर’च म्हणतात, तिथं आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट पाडतात, म्हणजे वयाचा फरक नियमानंच कमी करून टाकतात. एकच खेळ म्हणतो आपण, पण ‘बैल की माणूस’ याचं उत्तर तिन्हीकडे वेगळं येणार, आणि तिन्हीकडे बरोबर असणार.

सातारा-सांगलीकडची आणखी एक रीत संशोधकाला सोन्यासारखी आहे. पैरा. आपल्या बैलाला दुसऱ्या मालकाचा बैल जोडीदार म्हणून घ्यायचा आणि मैदान मारायचं. बकासुरसारखा नावाजलेला बैल असला की आज पैऱ्याला कोण यावरच निम्मी चर्चा. म्हणजे तोच बैल, जोडीदार वेगळा, ड्रायव्हर वेगळा, मैदान वेगळं. वर सांगितलेली अदलाबदल इथं दर आठवड्याला होते. (कोणाला विषय सापडत नसेल तर घ्या हा. खरंच घ्या, मला वेळ नाही.)

फक्त सावध राहा. पैरा चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. चांगल्या बैलाला चांगला जोडीदार आणि चांगला ड्रायव्हर मिळतो, दुबळ्याला उरलेला. फॉर्म्युला वनमध्येही तेच, चांगला चालक चांगल्या संघात जातो. अदलाबदल आहे, पण निवडून केलेली. तुमच्या मार्गदर्शकांनी हा प्रश्न विचारला नाही तर बाहेरचे परीक्षक विचारतील.

आणि नियम बदलला की काय होतं? चाहते चिडतात, संशोधकानं खूश व्हावं. व्हेटेलनं २०१० ते २०१३ सलग चार विजेतेपदं जिंकली, २०१३ मध्ये तर ओळीनं नऊ शर्यती. २०१४ मध्ये हायब्रिड इंजिनं आली. त्याच रेड बुलमध्ये त्या वर्षी व्हेटेल एकही शर्यत जिंकला नाही आणि नवा जोडीदार रिकार्डो तीन जिंकला. लोक म्हणाले, बघा, चारही विजेतेपदं गाडीची होती. मग रिकार्डो २०२१ मध्ये मॅक्लारेनला गेला आणि तिथं तरुण नॉरिसच्या मागे पडला. आता म्हणायचं काय? माझं म्हणणं असं की काही हात काही गाड्यांनाच जमतात. बेल यांच्या मॉडेलमध्ये चालकाचा गुण म्हणजे एक आकडा, जो गाडीच्या आकड्यात मिळवायचा. बेरीज. पण वरच्या उदाहरणात दुसरी जोडी आप्पांच्या हाती ६.३ ऐवजी ६.६ पळाली असती तर? जोडी तीच, भाऊंना ६.४ देणारी, आणि ‘चांगल्या’ आप्पांना तिनं साथ दिली नाही. बेरजेचं मॉडेल याला ‘उरलेली चूक’ म्हणून बाजूला टाकतं. आमच्या हॉटेलातलं कोणीही सांगेल की जोडी हाताला सवकली पाहिजे.

म्हणून मामांचं म्हणणं तात्यांच्या म्हणण्यापेक्षा मला जास्त शास्त्रीय वाटतं. काठी, चाबूक, विजेचा धक्का हे नियमांनी बंद झालं. बैलाच्या जिवासाठी ते व्हायलाच हवं होतं, त्यावर माझा वाद नाही. १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला तोही या अटींच्या आधारावर. पण मामा एक वेगळीच गोष्ट सांगत होते: ज्याची कला काठीत होती तो आता मागे पडेल, ज्याची आवाजात आणि कासऱ्यात होती तो पुढे येईल. नियम बदलला की ‘चांगला धुरकरी’ या शब्दाचा अर्थच बदलतो. त्यात बंदीची सात वर्षं गेली. तेवढ्यात पळाऊ बैलांची एक पिढी म्हातारी झाली. २०१४ आणि २०२२ ची तुलना करायची तर दोन्हीकडे असणारी बैलं जवळपास नाहीतच, दुवा फक्त माणसांचा. फॉर्म्युला वनमध्ये २०२६ पासून निम्मी ताकद विजेची झाली, गाड्यांचे आकार बदलले, तिथंही जुन्या-नव्याला जोडणारा दुवा माणसंच आहेत. पण ती माणसंही तोवर वयानं वाढलेली असतात. १९५० ते २०१४ एका साखळीत ओवताना हे प्रत्येक वळणावर झालंय.

आता माझा सिनॉप्सिस. मी ठरवलं होतं की आमच्या भागातल्या जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांचा ‘परिणाम’ काढायचा, पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या निकालावरून. बेल यांचं मॉडेल जसंच्या तसं: शाळा म्हणजे संघ, शिक्षक म्हणजे चालक, बदल्या होतातच म्हणजे अदलाबदलही आहे. मला फार हुशार वाटत होतो मी. समितीतल्या एका मॅडमनी एकच विचारलं, “तुमच्याकडची किती मुलं परीक्षेच्या वेळी गावात असतात?”

मी गप्प. केज तालुक्यातला माणूस मी, मला हे दुसऱ्यानं विचारायला नको होतं. दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊसतोडीला जातात, सोबत पोरंही जातात, आणि परत येतात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. परीक्षा साधारण फेब्रुवारीत. ज्या गुरुजींनी जूनपासून पन्नास पोरं शिकवली त्यांच्या नावावर परीक्षेला बसलेल्या वीस जणांचा निकाल. आणि त्या निकालावरून मी त्यांना यादीत कितवं ठेवणार होतो? लाउडासारखं शंभराच्या बाहेर. गाडी बंद पडली त्याचा दोष हाताला. फॉर्म्युला वनच्या यादीनं लाउडाचं काही बिघडत नाही. पण अशी यादी कोणा अधिकाऱ्याच्या टेबलावर गेली तर गुरुजींचं बिघडतं.

सिनॉप्सिस परत आला. दुसऱ्यांदा लिहिला तेव्हा क्रमवारी काढून टाकली. आता प्रश्न असा आहे की ज्या वर्षी टोळ्या कमी गेल्या त्या वर्षी शिक्षकाचा म्हणून दिसणारा वाटा किती हलतो.

मध्यंतरी हौसेनं आसपासच्या पटांचे निकाल गोळा करायला घेतले होते. एका आयोजकांनी जुन्या वह्या मोकळ्या मनानं दिल्या. तारीख, जोडीचा नंबर, बैलांची नावं, मालकाचं नाव आणि गाव, सेकंद, बक्षीस. दोन रात्री बसून एक्सेलमध्ये उतरवलं. मग लक्षात आलं की धुरकऱ्याचा रकानाच नाही. मामांना विचारलं, नावं का लिहीत नाहीत? ते म्हणाले, “बक्षीस मालकाला मिळतंय. त्याचं नाव लिवून काय करायचं?” मग त्यांनीच वही पुढ्यात ओढली आणि ज्या ज्या जोडीचा धुरकरी आठवतोय त्याचं नाव पेन्सिलीनं समासात लिहायला लागले. चहा होईपर्यंत अकरा झाली होती.